औषध, विष आणि कडू थेंब : ‘एकच प्याला’कडे पुन्हा एकदा

१

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की फराळाच्या ताटाकडे वळण्याआधी आमच्या घरी एक कडू काम उरकावे लागे. आजीचे माहेर कोकणातले. कुरुंदवाडच्या घरात येताना तिने ज्या रीती आणल्या, त्यांतली ही एक. तुळशीपाशी ठेवलेले कारीट डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे, त्याचा रस बोटाने जिभेला लावायचा आणि तोंड वाकडे करत घरात पळायचे. त्यानंतर पहिली करंजी. त्या करंजीची चव दुपारच्या करंजीला कधीच येत नसे. करंजी तीच, सारण तेच. फरक असे तो आधीच्या कडू थेंबाचा.

आमचे गाव तसे गोडाचे. पंचगंगेच्या काठचे, पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे. नदीपलीकडे नृसिंहवाडी, तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी. गावाच्या चहूकडे ऊस. अशा गावात कडू चवीला वर्षातून दोनच मानाचे दिवस : दिवाळीचे कारीट आणि पाडव्याचा कडुनिंब. एरवी कडू म्हणजे औषध. रात्री पितळी वाटीत भिजत घातलेले काडेचिराईत सकाळी नाक दाबून प्यायचे, ते पोट साफ व्हावे, ताप उतरावा, भूक लागावी म्हणून.

या लेखाचा विषय आहे मद्य आणि मराठी साहित्य यांचे नाते. त्याची सुरुवात कारिटापासून करण्याचे कारण एवढेच की कडू चवीकडे आपण कसे पाहतो आणि मद्याकडे कसे पाहतो, यांत मला एक सांधा दिसतो. तो सांधा उघडून दाखवायला एका परक्या पेयाची मदत होते. त्याचे नाव पिंक जिन.

२

पिंक जिनइतकी सोपी कृती दुसऱ्या कॉकटेलची क्वचितच असेल. पेल्यात कडू अर्काचे, म्हणजे बिटर्सचे, तीनचार थेंब टाकायचे. पेला तिरका करून फिरवायचा, म्हणजे आतल्या काचेला तांबूस झिलई चढते. उरलेले थेंब ठेवायचे की झटकून टाकायचे हे पिणाऱ्याला विचारायचे आणि वर जिन ओतायची. साखर नाही, फळाचा रस नाही. जिनला फिकट गुलाबी छटा येते, तेवढीच सजावट. आज दुकानांत याच नावाने ज्या गुलाबी बाटल्या मिळतात त्या बहुधा स्ट्रॉबेरीसारख्या फळांच्या, गोडसर असतात. त्यांचा या पेयाशी नावापुरताच संबंध.

यातले दोन्ही घटक मुळात औषधे. जिनला तिची ओळख देणारे जुनिपरचे फळ युरोपात पोटाच्या आणि मूत्राच्या विकारांवर वापरले जाई. बिटर्सची कथा तर सरळ दवाखान्यातली. योहान गोटलीब बेंजामिन झीगर्ट हा जर्मन शल्यवैद्य दक्षिण अमेरिकेत सिमोन बोलिव्हारच्या फौजेत होता. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या अंगोस्तुरा गावी त्याने सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींसाठी एक कडू अर्क सिद्ध केला. साल १८२४. गावाचे नाव पुढे सिउदाद बोलिव्हार झाले, झीगर्टच्या वारसांनी १८७० च्या दशकात कारखाना त्रिनिदादला नेला, पण अर्काला चिकटलेले ‘अंगोस्तुरा’ हे नाव राहिले. पाककृती आजही गुप्त आहे. जेन्शन नावाच्या वनस्पतीचे कडू मूळ त्यात असते, एवढे बाटलीवरच छापलेले असते. आणि मद्यार्काचे प्रमाण ४४.७ टक्के असते, म्हणजे व्हिस्कीहून थोडे अधिकच.

ब्रिटिश आरमाराने हा अर्क समुद्र लागण्यावरचा उतारा म्हणून जहाजांवर घेतला. नुसता गिळवेना, म्हणून अधिकाऱ्यांनी तो प्लिमथच्या जिनमध्ये घातला. मलायात हेच पेय ‘जिन पाहित’ झाले. मलय भाषेत ‘पाहित’ म्हणजे कडू. सॉमरसेट मॉमच्या मलायातल्या कथांत मळेवाले साहेब संध्याकाळी क्लबात बसून हेच पिताना दिसतात. तोवर समुद्र लागण्याचा प्रश्न उरलेला नव्हता. औषध मागे पडले होते आणि चव उरली होती. कॉकटेल या शब्दाची जी जुनी छापील व्याख्या सापडते, ती १८०६ मधल्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका वृत्तपत्रातली. तिच्यात मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स असे चार घटक दिले आहेत. बाकीचे तीन इतर पेयांतही सापडत. कॉकटेलचे वेगळेपण त्या कडू थेंबात होते.

३

हे दोन्ही घटक आपल्या परंपरेला अनोळखी नाहीत. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे जुनिपर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पोटाच्या विकारांवरील जुन्या औषधांत ती येते. गोव्यात बनणाऱ्या एका जिनने हेच नाव, ‘हपुसा’, बाटलीवर मिरवले आहे. जेन्शन आणि आपले काडेचिराईत, म्हणजे संस्कृतातले किराततिक्त, ही एकाच वनस्पतिकुळातली भावंडे. आजीच्या पितळी वाटीतला आणि आरमारी अधिकाऱ्याच्या पेल्यातला कडवटपणा असा नात्यातला निघतो.

त्याहून महत्त्वाचे आहे ते या चवीविषयीचे चिंतन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहा रसांचे गुण सांगताना तिक्त रसाविषयी म्हटले आहे की तो स्वतः रुचकर नाही, पण अरुची घालवतो. एका वाक्यात केवढे निरीक्षण आहे! जे स्वतः आवडत नाही, तेच दुसऱ्या गोष्टी आवडण्याची वाट मोकळी करते. पिंक जिनचे याहून नेमके वर्णन कोणी केले असेल असे वाटत नाही. मराठीत मात्र या रसाचे नावच हरवले. संस्कृतात कटु म्हणजे मिरी-सुंठीसारखे तिखट. मराठीने त्याच शब्दापासून ‘कडू’ घडवला आणि तो तिक्ताला लावला. मग ‘कडू’ हा शब्द चवीपुरता राहिलाच नाही. कडू बोल, कडू अनुभव, कडू आठवण, कडू वीष! रुची जागवणारा रस अशी त्याची ओळख बोलीत उरली नाही.

मद्याचेही असेच झाले. चरकाच्या चिकित्सास्थानातला चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्याने होणाऱ्या विकारांचा. पण तो अध्याय नुसता निषेधाचा नाही. मद्य कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रकृतीच्या माणसाने, कशासोबत आणि किती घ्यावे, याची चर्चा तिथे आहे. आणि मर्यादा सुटली की मद चढण्याच्या ज्या तीन अवस्था येतात, त्यांचे वर्णनही आहे. सुख, मात्रा आणि विनाश या तिन्हींबद्दल एकाच ठिकाणी, आवाज न चढवता बोलणारे ते लेखन आहे. अर्वाचीन मराठीत आल्यावर या तिघांची फाटाफूट झाली. मद्यासाठी दोनच कप्पे उरले : एक औषधाचा, दुसरा विषाचा.

४

या फाटाफुटीचा सर्वांत मोठा साहित्यिक दस्तऐवज म्हणजे राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि महिन्याभरात, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला नाटकाचा पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. सांगली आमच्या शेजारची. तिथे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी पटवर्धनांच्या आश्रयाने नाटक उभे केले. अशा मुलखात नाटके बघितली जात तशी ती पाठही असत. सिंधूची पदे न ऐकता मोठी झालेली माणसे आमच्या आळीत थोडी होती.

या नाटकावर दोन आक्षेप जुने आहेत : सुधाकराचे पतन फार वेगाने होते आणि सिंधूची सहनशीलता माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण मला वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. सुधाकर पहिला प्याला का घेतो? चव पाहावी म्हणून नाही, मित्रांच्या मेळाव्यातल्या मौजेखातर नाही. नव्या मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद काही काळापुरती रद्द होते. अपमानाने डोके भणभणत असते. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम त्याला मद्य देतो, ते उतारा म्हणून. सुधाकराच्या आयुष्यात मद्य शिरते ते औषधाच्या दाराने.

एकदा हे ध्यानात आले की नाटकाचे नावही वेगळे ऐकू येऊ लागते. ‘एकच’ हा मात्रेचा शब्द आहे. वैद्य म्हणतो, एकच पुडी. डॉक्टर म्हणतो, एकच डोस. गडकऱ्यांनी हा शब्द नेमका हेरला आणि त्यातला दगा उघडा केला. औषधाची मात्रा रोगावर ठरते, आणि सुधाकराचा रोग अपमानाचा आहे. तो रोज नव्याने होतो. मध्यंतरी सुधाकर दारू सोडतो आणि काम मागायला जुन्या ओळखीच्या लोकांकडे जातो. तिथे पुन्हा अपमान होतो आणि तो पुन्हा प्यायला लागतो. हा प्रवेश नाटकाचा कणा आहे. सुधाकराला पेला ओढतो त्याहून अधिक त्याचा रोग त्याला पेल्याकडे ढकलतो. ‘एकच’ हे प्रमाण नसून वचन आहे, आणि दर वेळी ते पहिल्यासारखेच खरे वाटते.

याच नाटकात आजारी तळीरामाभोवती वैद्य आणि डॉक्टर भांडतात. वरवर पाहता तो हसवण्यासाठी घातलेला प्रवेश. पण मद्याला औषध म्हणून देणाऱ्या माणसालाच शेवटी औषध मिळत नाही, यात नाटककाराचा खोचक न्याय आहे. आणि शेवट पाहा : बाळ आणि सिंधू गेल्यावर सुधाकर विष पिऊन स्वतःला संपवतो. औषध म्हणून हाती आलेला पेला विष होऊन संपतो. दोन कप्प्यांमधले अंतर पाच अंकांत पार होते.

या सगळ्यात कुठेही मद्याला चव नाही. तळीराम आणि त्याच्या आर्यमदिरा मंडळाचे लोक मद्याचे गोडवे गातात, पण त्यांच्या बोलण्यात युक्तिवाद आहेत, कोट्या आहेत, समाजाची टिंगल आहे; जिभेवरचा अनुभव नाही. सुधाकराच्या पेल्यात गोड होते की कडू, हे प्रेक्षकाला आठवत नाही. ही गडकऱ्यांची उणीव असे मी म्हणणार नाही. ते त्यांच्या कलेचे बळ आहे, कारण सुधाकराला स्वतःलाच ती चव ठाऊक नाही. औषध घेणारा चव पाहत नाही, नाक दाबतो.

मात्र पुढच्या मराठी साहित्याने हे बळ संकेत म्हणून स्वीकारले. माधव जूलियनांनी उमर खय्याम मराठीत आणला. त्यातला पेला रुबायांच्या तत्त्वचिंतनाचा, क्षणभंगुरतेचा. त्यात द्राक्षाचा आंबटपणा शोधू नये. वास्तववादी कथा-कादंबऱ्यांत पेला आला तो बहुधा घर मोडल्याची खूण म्हणून. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले आणि अनिल अवचटांच्या लेखनाने व्यसनी माणूस हा पापी नसून आजारी आहे ही दृष्टी घराघरांत नेली. हे मोठे सांस्कृतिक काम आहे; सुधाकरला त्यांनी न्याय दिला. पण कप्पा पाहिला तर आपण पुन्हा दवाखान्यातच आलो. आधी मद्य औषध होते, मग विष झाले, आता तो आजार आहे.

५

साहित्याने जे केले तेच कायद्यानेही केले. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. ८ मार्च १९४८ रोजी कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले होते, त्यामुळे तो आम्हालाही लागू. संपूर्ण दारूबंदी ६ एप्रिल १९५० पासून आली. तिला फ्राम नसरवानजी बलसारा यांनी न्यायालयात आव्हान दिले. बाळगण्याची आणि वापरण्याची मुभा मागताना त्यांनी जी यादी दिली ती वाचण्यासारखी आहे : व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यूडीकोलोन. चैनीच्या वस्तू, औषध आणि अत्तर एका रांगेत! २५ मे १९५१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी बव्हंशी उचलून धरली, पण औषधी आणि प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांवरची बंदी अवाजवी ठरवून रद्द केली. १९५२ च्या दुरुस्तीने मग अशा पदार्थांना सूट दिली, अट एकच : ते मद्य म्हणून पिण्यास अयोग्य असले पाहिजेत.

ही अट साहित्याच्या अभ्यासकाने मुद्दाम तपासावी अशी आहे. औषधाची ओळख काय? तर ते पिववत नाही! आमच्या आजीचीही व्याख्या हीच होती. या व्याख्येत बिटर्स कुठे बसेल? ४४.७ टक्के मद्यार्क असूनही ते नुसते पिववत नाही, म्हणून औषध. आणि तीनच थेंब जिनमध्ये पडले की कॉकटेल. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात याचा फायदा घेतला गेला. विस्कॉन्सिन राज्यातील वॉशिंग्टन बेटावरच्या एका गुत्तेवाल्याने औषधविक्रीचा परवाना काढला आणि हेच बिटर्स पोटाचे औषध म्हणून पेल्या-पेल्याने विकले. आपल्याकडे कायद्याने आरोग्य परवाना काढला : प्रकृती राखण्यासाठी मद्याची गरज आहे असे ठरले की प्यायची मुभा. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाल्यावर गुजरातने हाच कायदा पुढे चालवला आणि तिथे आरोग्य परवाना आजही आहे. तळीरामाने सुधाकराला जो युक्तिवाद ऐकवला तोच इथे सरकारी शिक्क्यासह हाती पडतो.

उलट टोकाला आहे ती आडवी बाटली. वस्तीतले दारूचे दुकान राहावे की जावे यासाठी महाराष्ट्रात मतदान होते, तेव्हा मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते. बायका रांगेत उभ्या राहून बाटली आडवी करतात. सिंधूला जे करता आले नाही ते त्यांनी केले, म्हणून या चित्राविषयी मला आदर आहे. पण चिन्हे दोनच आहेत, हेही खरे.

६

मग तिसरा कप्पा हवा का? चवीचा? मद्याची रुची, त्याची रीत, त्याची मात्रा यांविषयी मराठीने मोकळेपणाने बोलावे का? असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी एका गोष्टीचे उत्तर द्यायला हवे.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक गृहस्थ होते. सज्जन, अबोल. त्यांच्या कपाटात एक बाटली असे. त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. काकू त्या बाटलीला कधी दारू म्हणाल्या नाहीत. “त्यांचं औषध आहे ते,” म्हणत. बाटलीच्या दोन झाल्या, संध्याकाळची दुपार झाली, तरी शब्द तोच राहिला. आजीने एकदा त्यांना ओसरीवर बसवून विचारले, “अगं, तू नको म्हणत का नाहीस?” काकू म्हणाल्या, “औषधाला नको कसं म्हणायचं, आजी?”

ते वाक्य मी विसरलेलो नाही. चवीची भाषा हा सुखवस्तूंचा शौक आहे, ज्याच्या घरात सुधाकर नाही त्याचेच ते बोलणे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो मला मान्य आहे. पिंक जिनही काही गरिबाचे पेय नव्हते. ते वसाहतींवर राज्य करणाऱ्यांचे पेय होते, आणि त्या क्लबांतही सुधाकर असणारच. मद्याला प्रतिष्ठा मिळवून देणे हा या लेखाचा हेतू नाही. शिवाय चवीने कोणी वाचतो असेही नाही. शरीराला सवय जडली की चवीचा जाणकारही तिसऱ्या अवस्थेला पोचतो.

माझे म्हणणे एवढेच की काकूंच्या हातातला शब्द चुकीचा होता आणि तो त्यांना आपण दिला होता. ‘चव’ म्हटले असते तर त्या विचारू शकल्या असत्या : रोज कशाला? इतकी कशाला? चवीची गोष्ट पुरे म्हणता येते, करंजीलाही म्हणतो. ‘औषध’ म्हटले की पुरे म्हणण्याचा हक्क घरातल्या माणसाकडे उरत नाही, तो रोगाकडे जातो. जी भाषा मद्याला फक्त औषध किंवा विष म्हणू देते, तिच्यात पहिल्या पेल्याला अडवता येत नाही, कारण तो औषध असतो. आणि शेवटच्या पेल्याला अडवून उपयोग नसतो, कारण तोवर विष भिनलेले असते. मधल्या सगळ्या पेल्यांसाठी आपल्याकडे शब्द नाही. सिंधू गप्प राहते ती केवळ पतिव्रता म्हणून, असे आजवर मानले गेले. तिला बोलायला शब्दच नव्हता, असेही वाचता येईल.

‘एकच प्याला’ शंभरी ओलांडूनही टिकले आहे ते त्यातल्या उपदेशामुळे नव्हे. औषधाच्या सबबीची इतकी निर्दय तपासणी मराठीत दुसऱ्या कोणी केलेली नाही, हे त्याचे खरे बळ. आपण नाटकातून दारूचा धिक्कार घेतला आणि सबब तशीच राहू दिली. नाटकाचा पुढचा अभ्यास तळीरामाच्या पहिल्या वाक्यांपासून व्हायला हवा; सुधाकराच्या शेवटच्या पेल्यावर बरेच लिहून झाले आहे.

चरकाने तिक्त रसाबद्दल जे म्हटले ते टीकेलाही लागू पडते. ती स्वतः रुचत नाही. अरुची घालवली तर तिचे काम झाले. यंदाच्या पहाटे आमच्या घरात कारीट फोडायला आजी नाही, आणि कुरुंदवाडच्या बाजारात कारीट शोधावे लागते. तरी मी ते शोधतो. नातवंडे विचारतात, हे कशाला चाखायचे, हे औषध आहे का? मी त्यांना सांगतो, नाही रे, ही चव आहे. एक थेंब पुरतो.